नद्या टाळ्या वाजवतात

आबांच्या पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, स्तोत्र ९६ च्या समासात शिसपेन्सिलीने तारखा लिहिलेल्या आहेत. मी मोजल्या, एकतीस भरल्या. पहिली जून १९७९ ची, शेवटची ऑगस्ट १९९१ ची. बारीक, उजवीकडे कललेलं अक्षर. समास पुरला नाही तेव्हा तारखा खाली उतरून ९७ च्या शेजारी गेल्या आहेत. बाकी अख्ख्या पुस्तकात कुठे एक रेघ नाही. शास्त्रात काही खरडायचं नाही हा आबांचाच नियम होता, तो त्यांनी या एका पानापुरता मोडला.

त्या कोर्टाच्या तारखा आहेत. नगर जिल्ह्यात आमचं शेत पाटाच्या अगदी शेवटी, टेलला. पाण्याची चारी वरच्या शेतकऱ्याच्या रानातून आमच्याकडे यायची. एका उन्हाळ्यात त्याने ती नांगरून टाकली आणि वर ऊस लावला. पाटकऱ्याला सांगून झालं, गावातल्या चार माणसांना मध्ये घालून झालं, शेवटी आबांनी दिवाणी दावा लावला. मिशनच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेला माणूस. सकाळच्या एसटीने तालुक्याला जायचे, संध्याकाळच्या एसटीने परत यायचे. आजी दारातूनच विचारायची, "काय झालं?" आबा टोपी काढून खुंटीला अडकवायचे आणि म्हणायचे, "तारीख पडली."

रात्री जेवणाआधी घरात प्रार्थना असे. एरवी स्तोत्रं ओळीने वाचायची, आज ४१ तर उद्या ४२. पण तारीख पडली त्या दिवशी आबा पानं उलटत थेट ९६ काढायचे. आकाशाने आनंद करावा, समुद्राने गर्जावं, शेतं आणि शेतातलं सगळं हरखून जावं, रानातल्या झाडांनी गावं, कारण तो येतो आहे, पृथ्वीचा न्याय करायला येतो आहे.

मी सात-आठ वर्षांची असेन. शब्बाथशाळेत न्यायाचा दिवस म्हणजे भीतीचीच गोष्ट होती. पुस्तकं उघडली जाणार, नावं वाचली जाणार. म्हणून मला हे कोडं पडलं, आणि मी विचारलं, "आबा, न्याय करायला येणार म्हटल्यावर झाडांनी भ्यायला पाहिजे ना? ती गातात कशाला?"

आबा म्हणाले, "भ्यायचं कुणी? ज्यानं चारी बुजवली त्यानं. ज्याची बुजली त्यानं का म्हणून भ्यावं, पोरी?"

पुढे मी या स्तोत्रांवर बरंच काही वाचलं. पण त्यांच्यात शिरायचं दार मला त्या रात्री, त्या वाक्याने उघडून दिलं असं मला आजही वाटतं.

तिशी ओलांडल्यावर पुण्यात एका निवृत्त पाळकांकडे मी हिब्रू शिकायला जाऊ लागले. रविवारी दुपारी, त्यांच्या गॅलरीत. उजवीकडून डावीकडे वाचायची सवय व्हायलाच दोन महिने गेले. व्यंजनं मोठी आणि स्वर म्हणजे त्यांच्याखाली मुंग्यांसारखे ठिपके. पाळकसाहेबांची पद्धत अशी, की व्याकरणाचं पुस्तक बाजूला ठेवायचं आणि एखादं लहानसं स्तोत्र घेऊन त्याच्याशी महिनाभर झोंबायचं. त्यांनी पहिलं दिलं ते ९३. पाचच ओव्यांचं. पहिले दोन शब्द, अदोनाय मालाख. लिहिलेलं असतं ते देवाचं चार अक्षरी नाव, पण ते उच्चारायचं नाही, त्याच्या जागी अदोनाय, म्हणजे प्रभू, असं म्हणायचं. आपल्या मराठी शास्त्रात त्याचं 'परमेश्वर' झालं. आणि मालाख? मराठीत आपण 'राज्य करतो' असं वाचत आलो आहोत. पाळकसाहेब म्हणाले, "क्रियापदाचं रूप नीट बघा. हे झालेल्या गोष्टीचं रूप आहे."

मालाख. राजा झाला.

हा शब्द शास्त्रात आणखी कुठे कुठे येतो ते आम्ही शोधलं. अबशालोम बापाविरुद्ध, दावीद राजाविरुद्ध उठतो, तेव्हा गुपचूप माणसं पाठवून निरोप देतो की रणशिंगाचा आवाज कानावर पडला की ओरडा, अबशालोम हेब्रोनात राजा झाला. तिथे हेच मालाख. इस्राएलचा सेनापती येहू, त्याचं तर चित्रच समोर उभं राहतं. सैन्यातले सरदार घाईघाईने अंगावरची वस्त्रं काढून पायऱ्यांवर पसरतात, त्यांवर त्याला उभं करतात, शिंग फुंकतात आणि गर्जना करतात, मालाख येहू! म्हणजे ही सिंहासनापुढची आरोळी आहे. स्तोत्र ४७ मध्ये देव जयघोषात, रणशिंगाच्या नादात वर चढतो आणि लगेच पुढे तीच आरोळी येते.

सिगमुंड मोविंकेल नावाच्या नॉर्वेच्या अभ्यासकाने १९२२ मध्ये असा विचार मांडला, की यरुशलेमच्या मंदिरात दर शरद ऋतूत, नव्या वर्षाच्या सणाला, देवाचं राज्यारोहण साजरं होत असावं आणि ४७, ९३, ९५ ते ९९ ही स्तोत्रं त्या वेळची. त्यावर शंभर वर्षं वाद चालला आहे. विरोधकांचं म्हणणं असं, की देव कधी राजा नव्हता का, की तो दरवर्षी नव्याने राजा व्हावा? असा सण पाळला जात असल्याचा स्पष्ट उल्लेख शास्त्रात नाही, हेही खरं. शिवाय शब्दांचा क्रम वेगळा आहे. येहूच्या बाबतीत क्रियापद आधी, 'राजा झाला येहू'. स्तोत्र ९३ मध्ये नाव आधी, 'परमेश्वर राजा झाला', जणू दुसरं कुणी नव्हे, हाच.

मला वाटतं, मराठी माणसाला हे कोडं तितकं अवघड जाऊ नये. एसटी वळणावर दिसली रे दिसली की आपण ओरडतो, "आली, आली!" ती अजून स्टँडवर पोचलेली नसते. ढग दाटून मातीचा वास सुटला, की अंगावर थेंब पडण्याआधीच आपण म्हणतो, "पाऊस आला." आणि ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्याविषयी म्हणतो, "तो काय तिथं बसलाय." बसण्याची क्रिया केव्हाच झाली, बसलेपण चालू आहे. झालेलं, चाललेलं आणि उंबऱ्याशी आलेलं, हे तिन्ही आपलं भूतकाळाचं रूप पोटात घेऊन बोलतं. मालाख मी तसाच ऐकते. यहुदी प्रार्थनेत तर तिन्ही काळ ओळीने उभे केले आहेत. अदोनाय मेलेख, अदोनाय मालाख, अदोनाय यिम्लोख. प्रभू राजा आहे, प्रभू राजा झाला, प्रभू राजा होईल, सदासर्वकाळ. शास्त्रात ही ओळ अशी सलग कुठेच नाही. पहिला तुकडा स्तोत्र १० मधला, दुसरा ९३ मधला आणि तिसरा समुद्र ओलांडल्यावर मोशेने आणि लोकांनी गायलेल्या गीतातला. कुणीतरी ते जोडले आणि रोजच्या ओठांवर ठेवले.

पण राजा ही काही शास्त्रातल्या इस्राएली लोकांच्या लेखी साधी सरळ चांगली गोष्ट नव्हती. लढाई जिंकून आलेल्या गिदोनाला लोक म्हणाले, तू आमच्यावर राज्य कर, पुढे तुझा मुलगा करील. तो म्हणाला, मी नाही, माझा मुलगाही नाही, परमेश्वर तुमच्यावर राज्य करील. नंतर म्हाताऱ्या शमुवेल संदेष्ट्याकडे लोक येऊन बसतात, की इतर राष्ट्रांना आहे तसा आम्हालाही राजा दे. शमुवेल त्यांना राजाची रीत सांगतो. तुमची पोरं घेईल, रथापुढे पळवील, आपली शेतं नांगरायला लावील. पोरी घेईल, अत्तरं करायला, रांधायला, भाकरी भाजायला. चांगली शेतं, द्राक्षमळे, जैतुनाची झाडं घेईल. धान्याचा दहावा हिस्सा घेईल. घेईल, घेईल, घेईल. तेच क्रियापद पुन्हा पुन्हा येतं. आणि देव शमुवेलाला म्हणतो, त्यांनी तुला नाकारलेलं नाही, मी त्यांचा राजा असू नये म्हणून त्यांनी मलाच नाकारलं आहे. राजाकडून होणाऱ्या सगळ्या घेण्याची यादी ज्या लोकांनी आपल्याच धर्मग्रंथात जपून ठेवली, ते देवाला राजा म्हणतात तेव्हा शब्द जपून वापरत असणार.

तरी राजे झाले. दावीद झाला, शलमोन झाला, त्यांच्या नावाने सुंदर स्तोत्रं झाली. ७२ मध्ये राजासाठी मागणं आहे, की त्याने गरिबांना न्याय द्यावा, जुलूम करणाऱ्याला चिरडावं, कापलेल्या गवतावर पडणाऱ्या पावसासारखं यावं. आणि मग इसपूर्व ५८६ आलं. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याच्या सैन्याने यरुशलेमचा तट फोडला, मंदिर जाळलं. राजा सिद्कीया पळताना सापडला. त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या मुलांना मारलं आणि मग त्याचे डोळे फोडले. शेवटचं त्याने जे पाहिलं ते ते.

त्याच्या आधीचा राजा यहोयाखीन. त्याला अकरा वर्षांपूर्वीच बाबेलला नेलं होतं. बाबेलच्या उत्खननात मातीच्या काही पाट्या निघाल्या. त्या १९३९ मध्ये वाचून प्रसिद्ध झाल्या. नबुखद्नेस्सरच्या दरबारातून कुणाला किती तेल द्यायचं त्याचा हिशेब. त्यात यहूदाच्या राजाचं नाव आहे, आणि त्याच्या पाच मुलांना मिळून अडीच सिला तेल. सिला म्हणजे साधारण लिटरभर. मुलामागे अर्धा. हे वाचलं तेव्हा मला रेशनच्या दुकानातली रांग आणि कार्डावरचे आकडे आठवले. दावीदाचं सिंहासन सर्वकाळ टिकेल हे वचन ज्या घराला मिळालं होतं, त्या घरातल्या पोरांना परक्या राजाच्या कोठारातून तेल मोजून मिळत होतं.

स्तोत्रसंहितेत एकूण १५० स्तोत्रं, त्यांचे पाच भाग. तिसरा भाग संपतो ८९ ने, आणि हे ८९ वाचवत नाही. अर्धं स्तोत्र दावीदाशी केलेल्या कराराचं गुणगान आणि मग अचानक, तू त्याचा मुकुट धुळीत फेकलास, त्याचं सिंहासन जमिनीवर आपटलंस. कुठे गेली, प्रभो, तुझी ती पहिली माया? उत्तर येत नाही. भाग संपतो. चौथा भाग सुरू होतो ९० ने आणि ते मोशेच्या नावावर आहे. मोशे, म्हणजे राजा ही चीजच नव्हती तेव्हाचा माणूस. प्रभो, पिढ्यानपिढ्या तूच आमचं घर आहेस. आणि तिथून थोडं पुढे, ९३ पासून, एकामागून एक आरोळ्या. परमेश्वर राजा झाला. परमेश्वर राजा झाला. जेराल्ड विल्सन या अभ्यासकाने १९८५ मध्ये दाखवलं, की ही मांडणी मुद्दाम केलेली आहे. ज्यांनी संग्रह लावला त्यांनी ८९ च्या रडण्याला ९३ ते ९९ हे उत्तर दिलं. मला हे पटतं. एकेक स्तोत्र जुनं असेल, सणाचं असेल, मंदिर उभं होतं तेव्हाचं असेल. पण ते या जागी आणून ठेवणाऱ्या हाताला रिकामं सिंहासन माहीत होतं.

इथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. या राज्याच्या कल्पनेला धारही आहे, आणि ती बोचते. ४७ म्हणतं, तो राष्ट्रांना आमच्या पायांखाली घालतो. १३७ ची शेवटची ओळ, बाबेलच्या तान्ह्या बाळांविषयीची, मी आजपर्यंत मोठ्याने वाचू शकलेले नाही. आबा ते स्तोत्र वाचायचे आणि त्या ओळीआधी थांबून पुस्तक मिटायचे. सिद्कीयाच्या मुलांचं काय झालं ते कळल्यावर ती ओळ कुठून आली हे समजतं, पण ती गाता येत नाही. त्याच संग्रहात ९६ सगळ्या कुळांना सांगतं की तुम्हीही अंगणात या, आणि ९७ मध्ये दूरदूरची बेटं हर्ष करतात. दोन्ही सूर तिथेच आहेत. एक निवडून दुसरा नाही असं म्हणणं मला खोटेपणाचं वाटतं.

आता नद्यांकडे येते, कारण माझा जीव खरा तिथे अडकला आहे.

स्तोत्र ९३, तिसरी ओवी. नास्ऊ नेहारोत अदोनाय, नास्ऊ नेहारोत कोलाम, यिस्ऊ नेहारोत दोख्याम. नद्यांनी उचलला, हे प्रभो, नद्यांनी उचलला आपला आवाज, नद्या उचलताहेत आपला तडाखा. मोठ्याने म्हणून पाहा. एक लाट येते, तीच पुन्हा जरा पुढे सरकते, तिसरी फुटते. पाळकसाहेब हाताने टेबलावर ठेका धरून ते म्हणायचे.

१९२८ मध्ये सीरियाच्या किनाऱ्यावर एका शेतकऱ्याच्या नांगराला जुन्या थडग्याचा दगड लागला. दुसऱ्या वर्षी क्लोद शेफर यांच्या हाताखाली शेजारच्या रास शामरा टेकाडावर खोदकाम सुरू झालं आणि उगारित नावाचं अख्खं शहर वर आलं. तिथल्या मातीच्या पाट्यांवर जी काव्यं होती त्यांची भाषा हिब्रूची सख्खी चुलत बहीण. त्यात ही पायरीपायरीने चढणारी लाटांसारखी रचनाही सापडली आणि कथाही. बआल हा वादळाचा देव याम म्हणजे समुद्राशी लढतो, त्याला लोळवतो, आणि त्याच्या राजेपणाचा पुकारा होतो. त्या समुद्राला दुसरं नाव आहे, नहार. नदी. त्याचा पूर्ण किताब 'न्यायाधीश नदी' असा आहे. त्यातला न्यायाधीशाचा शब्द आणि हिब्रूतला 'शाफात', न्याय करणे, हे एकाच धातूचे. आपल्या मराठी शास्त्रात ज्या पुस्तकाला 'शास्ते' म्हणतात त्याचं हिब्रू नाव शोफ्तीम, तेही इथूनच. न्याय करणं म्हणजे नुसता निकाल देणं नव्हे, विस्कटलेली घडी बसवणं, हे आपल्या जुन्या भाषांतरकारांनी बरोबर ओळखलं होतं.

तर नदी हा जुना शत्रू. स्वतःला न्यायाधीश म्हणवणारा, सगळं बुडवणारा. बाबेलातही तीच गोष्ट, मार्दुक देव आणि समुद्ररूपी तियामत यांच्या लढाईची. स्तोत्र ९३ मध्ये नद्या आवाज चढवतात, पण लढाई होतच नाही. देव जागचा हलत नाही. मोठ्या पाण्याच्या गर्जनेहून, समुद्राच्या लाटांहून, वर तो थोर आहे, एवढंच. आणि मग पाच स्तोत्रं पुढे, ९८ मध्ये, त्याच नेहारोत पुन्हा येतात. यावेळी काय करतात? नेहारोत यिम्हऊ खाफ. नद्या टाळ्या वाजवतात. डोंगर सोबतीने गातात, कारण तो पृथ्वीचा न्याय करायला येतो आहे.

कुणी त्यांना मारलं नाही, आटवलं नाही. त्या गर्दीत येऊन उभ्या राहिल्या आणि टाळ्या वाजवू लागल्या.

हे कळलं त्या रविवारी मी बसने घरी न जाता चालत गेले.

आणखी एक धागा. १३७ मधल्या 'बाबेलच्या नद्या', ज्यांच्या काठी बसून लोक रडले आणि झाडांना वीणा टांगल्या, त्याही नेहारोतच. पण दजला-फुरात (टायग्रिस-युफ्रेटिस) नद्यांच्या त्या सपाट मुलखात या शब्दात कालवेही येतात. यहेज्केल संदेष्टा ज्या खबार नदीकाठी होता, ती निप्पूरजवळून जाणारा कालवाच होता. बाबेलात वसवलेल्या यहुदी लोकांच्या व्यवहारांच्या मातीच्या पाट्या लॉरी पिअर्स आणि कॉर्नेलिया वुन्श यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केल्या. त्यांतली सगळ्यात जुनी इसपूर्व ५७२ ची. त्यांत 'यहूदाचं गाव' असं नाव असलेली वस्ती आहे आणि माणसं आहेत, ज्यांची नावं देवाच्या नावावरून ठेवलेली. ती काय करतात? राजाच्या जमिनी कसतात, सातू आणि खजूर वसुलीत भरतात, कर्जाच्या चिठ्ठ्या करतात. पाटाच्या पाण्यावरची शेती.

म्हणजे ज्यांच्या कानांवर 'नद्या टाळ्या वाजवतात' ही ओळ पडत असेल, त्यांतल्या कित्येकांनी पाट पाहिलेला, कदाचित उपसलेला. आबांना मी हे सांगू शकले नाही. ते तोवर गेले होते.

हा नहार शब्द आपल्याकडेही पोचला आहे. अरबीतून. औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरला, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला डोंगरातलं पाणी जमिनीखालून शहरात आणलं, त्याला नहर-ए-अंबरी म्हणतात. आणणारा मलिक अंबर. मलिक आणि मेलेख एकाच धातूचे. मालक, मुलूख, मुलकी हे आपले रोजचे शब्द त्याच घराण्यातले. आमच्या भागात सालगडी शेतकऱ्याला मालक म्हणतो, बायको परक्यांशी बोलताना नवऱ्याला मालक म्हणते. आबा प्रार्थनेत देवाला 'मालका' म्हणायचे. मला ते लहानपणी ओशाळवाणं वाटायचं, चर्चमध्ये सगळे 'हे प्रभू' म्हणत. हिब्रू शिकल्यावर कळलं की मूळ शब्दाशी सगळ्यांत जवळचं नातं आबांच्या शब्दाचं होतं.

अलिबागच्या इस्रायल आळीत एकदा गेले होते. आपल्या कोकणातले यहुदी म्हणजे बेने इस्रायल, पिढ्यानपिढ्या घाणे चालवणारे, शनिवारी घाणा बंद म्हणून शनवार तेली. मराठी बोलणारे, मराठीत आपल्या पूर्वजांची कीर्तनं रचणारे. जगापासून तुटून शतकं काढली तरी 'शेमा यिस्राएल', हे इस्राएल ऐक, हे त्यांच्या ओठांवरून गेलं नाही. या शेमाच्या पहिल्या ओळीनंतर यहुदी प्रार्थनेत एक ओळ हळू आवाजात म्हणायची रीत आहे, त्याच्या राज्याच्या गौरवी नावाला सदासर्वकाळ धन्यवाद. वर्षातून एक दिवस, प्रायश्चित्ताच्या उपासाला, ती मोठ्याने म्हणतात. बाकी सगळं वर्ष राज्य कुजबुजीत.

आणि स्तोत्र १४५ बद्दल लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. ते अक्षरबद्ध आहे, हिब्रू वर्णमालेतल्या एकेका अक्षराने एकेक ओवी सुरू होते. राज्य हा शब्द ऐन मधल्या तीन ओव्यांत दाटून येतो. त्यांची पहिली अक्षरं काफ, लामेद, मेम. उलटी वाचली की म, ल, ख. मेलेख, राजा. पुढचं अक्षर नून, आणि परंपरेने चालत आलेल्या हिब्रू पोथ्यांत नूनची ओवीच नाही! ताल्मूद या यहुद्यांच्या जुन्या ग्रंथात याचं कारण दिलं आहे. नूनने आमोस संदेष्ट्याचं ते वाक्य सुरू होतं, 'पडली, इस्राएल कुमारी पडली, पुन्हा उठायची नाही.' म्हणून कवीने ते अक्षर गाळलं. पण लगेच पुढच्या अक्षराची ओवी म्हणते, पडणाऱ्या सगळ्यांना प्रभू सावरतो. मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहेत १९५६ मध्ये सापडलेल्या स्तोत्रांच्या गुंडाळीत मात्र नूनची ओवी आहे, देव आपल्या शब्दांत विश्वासू आहे अशी. तीच मूळची असेल किंवा कुणी मागाहून भरली असेल. मला विचाराल तर मी दोन्ही जपून ठेवीन, ओवीही आणि तिची रिकामी जागाही. राजाचं नाव पुरं झाल्यावर लगेच एक खळगा, आणि त्या खळग्याच्या पलीकडे पडलेल्यांना उचलणारा हात. इतकं खरं राज्याचं वर्णन मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

आबांच्या एकतिसाव्या तारखेला निकाल लागला. चारी पूर्ववत करून द्यावी. प्रत्यक्षात ती खणून व्हायला हिवाळा उजाडला. पुढच्या आवर्तनात आमची पाळी रात्रीची होती. मी तेव्हा तेरा वर्षांची, हट्टाने सोबत गेले. आबांच्याने आता फावडं उचलत नव्हतं. दारं धरायला वडील होते, आबा बांधावर घोंगडं पांघरून बसले, हातात बॅटरी. वरच्या रानात बांध फोडून पाणी आमच्या अंगाला सोडायचं होतं, ते सोडायला त्या शेतकऱ्याचा मुलगा आला होता. बारा वर्षांत आमच्या घराशी एक शब्द न बोललेला. अंधारात त्याच्या फावड्याचा आवाज आला, मग त्याने हाक मारली, "आबा, सोडलं हो!"

बराच वेळ काही नाही. बारा वर्षं कोरडी पडलेली माती पाणी पिऊन घेत होती. मग लांबून ऐकू आलं. नव्या चारीतल्या ढेकळांवर आपटत, खड्डे भरत, पुन्हा पुढे उडी घेत पाणी येत होतं, थप, थप, थप, थप.

आबांनी बॅटरी विझवली आणि टोपी कानांवरून वर सरकवली.